डॉक्युमेंटेशनचा प्रोजेक्ट सुरू करताय? मग आधी उद्दिष्ट लिहून काढा

फ्री सॉफ्टवेअरचं, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता, वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरचं, डॉक्युमेंटेशन (ते कसं वापरायचं हे सांगणारं लिखाण) करायचं ठरवून चार-पाच जण जमले की पहिल्या मीटिंगला काय होतं माहितीये, कोणीतरी गिट रेपो (फाइल्स एकत्र ठेवायची जागा) बनवतं, कोणी विकी (सगळ्यांना बदलता येणारी वेबसाइट) उघडतं, ग्रुपचं नाव काय ठेवायचं यात तास जातो, आणि आपण नक्की कोणासाठी काय लिहिणार हा विषय राहूनच जातो. आमचं हेच झालं. पुण्यात आम्ही सहा जण लिब्रेऑफिसचं (मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखं फ्री सॉफ्टवेअर) मराठी गाईड करायला बसलो तेव्हा उद्दिष्ट एका ओळीचं होतं, "लिब्रेऑफिसची संपूर्ण मराठी मार्गदर्शिका". चार महिन्यांनी हातात काय, तर इन्स्टॉल कसं करायचं यावर तिघांनी लिहिलेली तीन वेगवेगळी पानं आणि मेल मर्जवर (एकच पत्र अनेक नावांनी काढायची सोय) एक अर्धवट पान. कामचुकार कोणीच नव्हतं, पण "संपूर्ण" म्हटलं की कुठूनही सुरू केलं तरी बरोबरच असतं, मग प्रत्येकाने सोपं तिथून सुरू केलं. लिब्रेऑफिसमध्ये रायटर (मजकूर टाइप करायचा), कॅल्क, इम्प्रेस, ड्रॉ, बेस, मॅथ असे सहा प्रोग्रॅम आहेत आणि एकट्या रायटरचं इंग्रजी गाईडच 400 पानांच्या वर जातं, रविवारी दोन तास देणाऱ्या सहा जणांनी ते सगळं मराठीत आणायचं म्हणजे काय ते सांगायला नको.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा जे केलं ते सांगतो.

आधी एक माणूस पकडा

"सामान्य वापरकर्ता" असं लिहूच नका, तो कोणालाच कधी भेटलेला नसतो. तुमच्या ओळखीतला खरा माणूस घ्या. आमच्यातल्या एकाची आत्या तालुक्याच्या गावात मराठी शाळेत शिकवते, प्रश्नपत्रिका घरी लॅपटॉपवर टाइप करते. एका रविवारी आम्ही दोघं तिच्या मागे खुर्च्या टाकून बसलो आणि तोंडातून शब्द काढायचा नाही असं ठरवलं. बाईंनी स्टाइलमध्ये (मजकुराचं रूप ठरवायची खिडकी) जाऊन फॉन्ट बदलला, साइज वाढवला, ओके केलं, आणि पानावरचा फक्त "Std" हा इंग्रजी शब्द बदलला, मराठी मजकूर जसाच्या तसा. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वीस मिनिटं गेली. शेवटी म्हणाल्या, "अरे हे फुकटचं आहे ना, मग असंच असणार."

ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण सॉफ्टवेअर बरोबरच चालत होतं. रायटरमध्ये देवनागरी "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" या गटात येते, त्यामुळे स्टाइलच्या खिडकीत रोमन अक्षरांचा फॉन्ट वेगळा निवडायचा असतो आणि देवनागरीचा वेगळा, आणि बाई रोमनवाल्या ठिकाणी बदल करत होत्या. इंग्रजी गाईड इंग्रजी टाइप करणाऱ्यासाठी लिहिलेलं, त्यात ही गोष्ट कुठेतरी कोपऱ्यात, पण मराठी माणसाला ती पहिल्या दिवशीच नडते. आमचं पहिलं पान हेच झालं. मागे बसून बघितलं नसतं तर हा विषय आमच्या अनुक्रमणिकेत आलाच नसता, कारण आम्हा सहाही जणांना तो इतका अंगवळणी पडलेला की अडचण म्हणून आठवतच नव्हता.

वाचून झाल्यावर काय जमलं पाहिजे ते लिहा

"रायटरची ओळख करून देणे" हे उद्दिष्ट नाही, ते पूर्ण झालं की नाही कसं कळणार? आम्ही असं लिहिलं: "बाईंना युनिकोडमध्ये दोन पानी प्रश्नपत्रिका टाइप करता यावी, प्रत्येक प्रश्नाचे गुण उजव्या कडेला एका रेषेत लावता यावेत, आणि पीडीएफ काढता यावी, कोणालाही फोन न करता." युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरलेला, सगळीकडे चालणारा कोड. हे उद्दिष्ट तपासता येतं. गुण एका रेषेत हवेत म्हणजे उजवा टॅब (मजकूर उजव्या कडेला ओळीत लावायची खूण) कसा लावायचा हे पान लागणार, स्पेसबार दाबत बसू नका हे सांगावं लागणार, म्हणजे पानांची यादी या वाक्यातूनच निघते, त्यासाठी वेगळी मीटिंग घ्यायची गरज नाही.

इथेच कोणत्या प्रकारचं लिखाण हेही ठरवून टाका. डॉक्युमेंटेशनवर काम करणारे दानिएले प्रोचिदा यांनी डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार मांडलेत, हात धरून शिकवणारा धडा, एक काम कसं करायचं ते, संदर्भाची माहिती, आणि असं का ते समजावणारं. चारही एकाच पानात कोंबले की वाचक हरवतो. आम्ही फक्त दुसरा प्रकार घेतला.

आधीच काय आहे ते बघून घ्या

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या व्हिडिओ-धड्यांच्या प्रकल्पात लिब्रेऑफिसचे मराठी आवाजातले व्हिडिओ आहेत आणि चांगले आहेत. मग आपण काय वेगळं देणार? बाईंनीच सांगितलं, व्हिडिओ बघून समजतं पण टाइप करताना मागे-पुढे करावं लागतं, कागद असेल तर कीबोर्डशेजारी ठेवता येतो. म्हणून आमचं उद्दिष्ट कागद, प्रत्येक काम ए-फोरच्या एका पानात.

काय करणार नाही तेही लिहा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा. मराठीत हा प्रश्न हमखास येतो: जुन्या फाइल्स श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये आहेत, त्या युनिकोडमध्ये कशा आणायच्या? या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं नुसतं चित्र असतं, आतला कोड भलताच, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. प्रश्न अगदी खरा आहे, लोकांची वीस-वीस वर्षांची कामं त्यात अडकलीत, पण ते उत्तर द्यायला बसलो असतो तर आमचं वर्ष त्यातच गेलं असतं. आम्ही लिहिलं, "जुन्या फॉन्टचं रूपांतर आमच्या कामात नाही, असं का होतं याचा एक परिच्छेद देऊ, बस." यावर आमच्यात भांडण झालं, एक जण नाराज झाला, पण नंतर तो प्रश्न ज्याने ज्याने विचारला त्याला हे वाक्य दाखवता आलं.

दुसरं, मेनू मराठीत दाखवायचे की इंग्रजीत? लिब्रेऑफिसचा इंटरफेस मराठीत मिळतो, पण आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या सगळ्यांच्या मशीनवर इंग्रजीच होता. वाक्यं मराठी, मेनूची नावं स्क्रीनवर दिसतात तीच, असं ठरलं. तत्त्वाला थोडी मुरड घातली, पण वाचकाला बोट ठेवायला जागा मिळाली पाहिजे.

लायसन्स हा उद्दिष्टाचाच भाग

लायसन्स म्हणजे आपलं लिखाण कोणी कसं वापरायचं याची लेखी परवानगी, हे शेवटी बघू म्हणून ढकलू नका. सॉफ्टवेअर फ्री असेल तर त्याचं मॅन्युअलही बदलता, वाटता, विकता आलं पाहिजे, नाहीतर नवीन व्हर्जन आलं की मॅन्युअल दुरुस्त करायची परवानगी कोणाकडेच नसते. एकाचं म्हणणं होतं की क्रिएटिव्ह कॉमन्सचं (सीसी, तयार लायसन्स देणारी संस्था) "व्यावसायिक वापर नको" वालं लायसन्स घेऊ, कोणी आपल्या मेहनतीवर पैसे कमवायला नको. मी म्हटलं, गावातल्या झेरॉक्सवाल्याने बारा पानांचा संच काढून वीस रुपयांना विकला तर आपलं काम होतंय ना? त्यालाच अडवायचं? लिब्रेऑफिसची इंग्रजी गाईडं जीपीएल (फ्री सॉफ्टवेअरचं लायसन्स) आणि सीसी बाय (नाव देऊन हवं तसं वापरा) अशा दोन लायसन्सखाली आहेत, त्यातलं काही घ्यायचं तर नाव द्यावंच लागतं, आणि विकीपीडियातून मजकूर उचलायचा असेल तर सीसी बाय-एसए, म्हणजे नाव द्या आणि आपलं लिखाणही त्याच लायसन्सखाली ठेवा, हे पाळावं लागतं. म्हणून कुठून काय घेणार हे ठरल्याशिवाय लायसन्स ठरत नाही.

तासांचा हिशोब प्रामाणिकपणे करा

सहा जण गुणिले दोन तास म्हणजे आठवड्याला बारा, हे कागदावर. लग्नसराई, परीक्षा, ऑफिसची रिलीज धरून आमचे प्रत्यक्षात सात भरले. एक पान लिहिणं, स्वतः करून बघणं, स्क्रीनशॉट, दुसऱ्याने तपासणं, यात साधारण सात तास जातात. म्हणजे आठवड्याला एक पान, तीन महिन्यात बारा. म्हणून उद्दिष्टात "बारा पानं" लिहिलं. तुमचा आकडा वेगळा येईल, पण पहिली दोन पानं होऊ द्या आणि मगच आकडा लिहा.

आणि नंतर सांभाळणार कोण हेही त्यातच येऊ दे. लिनक्स या फ्री ऑपरेटिंग सिस्टिमचा लिनक्स डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट 1992 मध्ये सुरू झाला, त्याच्या हाऊटूंवर (एकेक काम कसं करायचं ते सांगणारी पानं) एक अख्खी पिढी लिनक्स शिकली, पण बरेचसे हाऊटू एकेका माणसाच्या भरवशावर होते, तो माणूस दुसऱ्या कामात गेला की ते तसेच जुने होत पडून राहिले. लिब्रेऑफिसची मोठी रिलीज (नवीन व्हर्जन) वर्षातून दोनदा येते. त्यामुळे आमच्या प्रत्येक पानाच्या तळाला व्हर्जन, तपासल्याची तारीख आणि जबाबदार दोघांची नावं असतात, एकाचं नाही, दोघांची. वर्षभर कोणी तपासलं नाही तर पान यादीतून काढायचं, हेही लिहून ठेवलंय.

हे सगळं मिळून आमचा उद्दिष्टांचा कागद पाऊण पानाचा झाला: वाचक कोण, त्याला काय जमलं पाहिजे, काय करणार नाही, लायसन्स, किती पानं, कधीपर्यंत, सांभाळणार कोण. प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये (आधी वाचायची फाइल) सगळ्यात वर टाकलाय, नवीन माणूस आला की आधी तो वाचायला देतो आणि मगच काम. बारा पानं झाल्यावर ती आत्याला देऊन आलो, तिने प्रश्नपत्रिका पावणेदोन तासात केली, फोन एकदाच केला, पीडीएफ कुठे सेव्ह झाली ते विचारायला. ते पाचव्या पानावर नव्हतं, आता आहे.