बेळगावात बसून प्रायव्हेट लिमिटेड कंपनी कशी काढायची
बेंगळुरूला हेलपाटा नको, सगळं एमसीए म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर होतंय. डायरेक्टर दोन, शेअरहोल्डर दोन लागतात, तीच दोघं चालतात. आधी डिजिटल सही काढा, मग स्पाइस प्लस म्हणजे कंपनी नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म, त्याच्या पार्ट ए मध्ये कंपनीचं नाव टाका, मंजूर नाव 20 दिवस राखीव राहतंय. खरं अडतंय कंपनीच्या पत्त्याच्या पुराव्याला, आमच्या उद्यमबागेतल्या शेडचं लाईट बिल अजून आजोबांच्याच नावावर, ते वारून किती वर्षं झाली, मग आधी बिलावरचं नाव बदलून घेतलं आणि बाबांचं ना हरकत पत्र जोडलं. बिल दोन महिन्यांच्या आतलंच पाहिजे, भाडेकरार कानडीत असला तर इंग्रजी भाषांतर लावा. कंपनीचा पॅन आणि टॅन (टीडीएस कापायला लागणारा नंबर) नोंदणीसोबतच येतंय. पुढं भांडवल बँकेत भरून नोंदणीपासून 180 दिवसांत आयएनसी 20ए, म्हणजे धंदा सुरू केल्याच्या घोषणेचा फॉर्म, भराच, लई जण विसरतात.