कोणाला दोष देण्याआधी त्यातलं नशीब बाजूला कसं काढायचं

मागे टीममधल्या एकाची हार्ड डिस्क उडाली, तीन आठवड्यांचं काम गेलं आणि बॅकअप नव्हता. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं, बेजबाबदार वगैरे सगळं बोलून झालं. रात्री सहज माझ्या मशीनवर बॅकअपची तारीख बघितली तर चार महिन्यांपूर्वीची! म्हणजे हलगर्जीपणा दोघांचा सारखाच, उलट माझा जास्त, फक्त त्याची डिस्क गेली आणि माझी नाही गेली. तेव्हापासून कोणावर तापायच्या आधी मी पुढे लिहिलंय ते करून बघते, दरवेळी जमतंच असं नाही.

सगळ्यात आधी शेवट झाकायचा. जे घडलं ते निकाल लागायच्या एक मिनिट आधीपर्यंतच सांगायचं, स्वतःला किंवा ज्याला काहीच माहीत नाही अशा कोणाला तरी, आणि विचारायचं की इथपर्यंत यात चूक कुठे दिसते. मग शेवट उलटा लावून बघायचा. गाडी चालवताना फोन बघितला आणि कोणाला काही झालं नाही, तर आपण म्हणतो "अरे जरा बघून", तोच फोन, तेवढेच सेकंद, पण समोर कोणी आलं तर तो माणूस आपल्या लेखी गुन्हेगार. थॉमस नेगल आणि बर्नार्ड विल्यम्स या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये नेमक्या याच गुंत्यावर लिहिलं, त्याला मॉरल लक म्हणतात. नेगलचं उदाहरण साधारण असंच आहे, ब्रेक चेक न केलेला ड्रायव्हर आणि रस्त्यात आलेलं मूल. मूल आलंच नसतं तर त्या ब्रेकबद्दल कोणी अवाक्षर काढलं नसतं.

१९६६ मध्ये इलेन वॉल्स्टर यांनी एक प्रयोग केला, उतारावर लावलेली गाडी घरंगळते एवढीच गोष्ट, पण काहींना नुकसान थोडं झालं असं सांगितलं आणि काहींना जास्त. जास्त नुकसान ऐकलेल्यांनी मालकाला जास्त जबाबदार धरलं. नंतर हा प्रयोग परत करून बघितला तेव्हा दरवेळी तसंच आलं नाही हेही सांगून ठेवते, पण १९८८ मध्ये बॅरन आणि हर्शी यांनी ऑपरेशनच्या निर्णयावर विचारलं तेव्हाही तोच कल दिसला, निर्णय तोच, धोका तेवढाच, फक्त पेशंट दगावला असं कळलं की लोकांना डॉक्टरचा निर्णयच वाईट वाटायला लागतो.

दुसरं म्हणजे "त्याला कळायला हवं होतं" हे वाक्य तोंडात आलं की थांबायचं. कशावरून कळायला हवं होतं? त्या दिवशी त्याच्यासमोर काय काय होतं ते खरंच कागदावर लिहून काढायचं, आणि आपल्याला जे नंतर समजलं त्यावर काट मारायची. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवलंय की निकाल एकदा माहीत झाला की तो आधीपासूनच दिसत होता असं आपल्याला वाटायला लागतं, आणि आपलं असं झालंय हे आपल्या लक्षातही येत नाही. म्हणून मनातल्या मनात नको, लिहूनच काढा.

मग येते मेहनत, आणि इथे मी स्वतः अजून अडखळते. "प्रयत्नच केले नाहीत" म्हटलं की राग येतो, "जमतच नाही बिचाऱ्याला" म्हटलं की दया येते, बर्नार्ड वायनर या मानसशास्त्रज्ञाचं बरंचसं काम याच फरकावर आहे. पण प्रयत्न करायला लागणारी झोप, तब्येत, डोक्याला शांतता, लहानपणी कोणी लावलेली शिस्त, यातलं कितीसं आपण कमावलेलं असतं? हे असं ताणत गेलं तर शेवटी कोणालाच काही बोलता येणार नाही, आणि ते मला पटत नाही. म्हणून मी एकच प्रश्न ठेवलाय: त्या परिस्थितीत त्याला झेपेल अशी नेमकी कोणती गोष्ट त्याने केली नाही? नाव घेऊन सांगता आली तर बोला, "जरा सिरियस असायला हवं होतं" हे उत्तर चालणार नाही.

यशाला पण हेच लावा. कोणी धडाधड रिस्क घेऊन वर गेला की आपण त्याला दूरदृष्टीचा म्हणतो, तीच रिस्क घेऊन बुडालेला मूर्ख ठरतो. आणि आपलं स्वतःचं असेल तर काय, जमलं तर मेहनत, फसलं तर नशीब, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

एक मात्र नक्की, नशीब होतं म्हणून भरपाई माफ होत नाही. ज्याच्यामुळे तुटलं त्याने जोडायला हातभार लावायचाच, मुद्दाम केलं नसलं तरी. फक्त "हे तू निस्तर" आणि "तू असलाच आहेस" ही दोन वेगळी वाक्यं आहेत, पहिलं बोला, दुसऱ्यासाठी थोडे दिवस थांबा, आणि तोवर आपण कुठे कुठे थोडक्यात वाचलो तेवढं आठवून बघा.

मी दुसऱ्या दिवशी त्याला जाऊन माझी चार महिन्यांची तारीख दाखवली. तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, मग म्हणाला, "आता तरी घेतलास का?"

नव्हता घेतला.