तौलनिक निबंधाची प्रस्तावना: लिहायला बसण्यापूर्वी

पहिली गोष्ट म्हणजे दोन्ही कलाकृती मुळापासून शेवटपर्यंत वाचून झाल्या पाहिजेत. गाईडमधल्या सारांशावर तौलनिक साहित्याभ्यासाचा निबंध उभा राहत नाही, कारण तुलना कथानकांची नसते, एखादी गोष्ट कशी सांगितली आहे याची असते.

कोल्हापुरात अभ्यासाला सोयीची एक जोडी घेऊ. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ ही कादंबरी १९५९ साली आली आणि गिरीश कर्नाडांचं त्याच नावाचं कन्नड नाटक १९६१ साली. खांडेकर १९३८ पासून इथेच राहिले, शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृती संग्रहालयही आहे. पण ही माहिती प्रस्तावनेत घालायचा मोह आवरा. ‘वि. स. खांडेकर हे मराठीतील थोर कादंबरीकार होते’ असं पहिलं वाक्य लिहिलंत, की दुसरा परिच्छेद आपोआप कर्नाडांच्या चरित्राचा होतो आणि तुलना चौथ्या पानावर जाते. चरित्रातली फक्त तुमच्या मुद्द्याला लागेल तेवढीच बाब ठेवा.

मग वहीत एकच प्रश्न लिहा: हीच दोन पुस्तकं शेजारी का ठेवली? ‘दोघांनी महाभारतातली कथा घेतली’ हे उत्तर अपुरं आहे, तो फक्त समान धागा झाला. दोघं वेगळे कुठे होतात ते शोधा. कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने स्वतःची कहाणी सांगतात. बापाचं म्हातारपण अंगावर घेणाऱ्या पुरूला मात्र निवेदकाची जागा नाही. नाटकात तोच पुरू मध्यभागी येतो आणि त्याच्याबरोबर चित्रलेखा, त्याची बायको, जी कर्नाडांनी रचली. नवऱ्यावर लादलेलं वार्धक्य ती स्वीकारत नाही, ययातीलाच जाब विचारते आणि शेवटी जीव देते. इथे तुमचं विधान सापडतं.

ते असं लिहिता येईल: ‘भोगाची किंमत कोण मोजतं, या प्रश्नाला दोन्ही कलाकृती भिडतात. खांडेकर तो भोगणाऱ्याच्या आणि त्याच्या दोन स्त्रियांच्या तोंडून मांडतात. कर्नाड ज्यांच्याकडून किंमत वसूल झाली त्या पुढच्या पिढीला बोलतं करतात.’ तीनच वाक्यं, पण त्यात आधार आहे, फरक आहे आणि दोन्ही नावांना सारखं वजन आहे. एकाला थोर आणि दुसऱ्याला उणं ठरवायची घाई प्रस्तावनेत तर मुळीच नको. कादंबरी आणि नाटक हे वेगळे प्रकार आहेत, हेही इथेच एका वाक्यात येऊ द्या. नाटकात बहुतेक सगळं पात्रांच्या संवादांतून आणि कृतींतून उलगडायचं असतं, म्हणून निवेदनाची तुलना करताना जपून.

नाटक कन्नडमधून वाचलंत की अनुवादातून, तेही स्पष्ट लिहा. कर्नाडांनी स्वतः केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला. तो वाचला असेल तर तसं नोंदवा. अनुवादावरून संवादांच्या लयीविषयी ठाम बोलू नका, रचनेविषयी आणि पात्रांविषयी बोला. एखादी ओळ कळीची वाटली तर निपाणी-बेळगावकडचं कन्नड वाचणारं कुणीतरी गाठा आणि मूळ वाचून घ्या. आपण सीमेवर राहतो, याचा एवढा फायदा तरी घेतलाच पाहिजे.

सिद्धान्ताचं नाव घ्यायचं असेल तर पुढे ते वापरणार असाल तरच घ्या. पुस्तकांची नावं, सालं, आवृत्त्या खर्डेकर ग्रंथालयात किंवा करवीर नगर वाचन मंदिरात प्रत हातात घेऊन तपासा. दहा पानांच्या निबंधाला एक पान प्रस्तावना पुरते.

एवढं झालं की कच्ची प्रस्तावना लिहा आणि बाजूला ठेवून निबंधाकडे वळा. शेवटचं पान लिहून झाल्यावर तिच्याकडे परत या. लिहिता लिहिता पुरूपेक्षा चित्रलेखाच महत्त्वाची ठरली असेल, तर विधान तसं बदला आणि मगच टायपिंगला द्या.