गावच्या उत्सवात जुने संगीत नाटक बसवताना

चवथ (गणेशचतुर्थी) आटोपली की गोव्यातील अनेक गावांत देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातील उतरण्याच्या इमारतीत, यंदाच्या उत्सवी नाटकाची बैठक बसते आणि तिथे दोन पक्ष पडतात. एकाला जुने संगीत नाटक हवे असते, दुसऱ्याला दोन तासांत संपणारे विनोदी नाटक परवडणारे वाटते. हे टिपण पहिल्या पक्षासाठी आहे. बरीच वर्षे तालमींत बसून, कधी पेटीच्या मागे तर कधी विंगेत संहिता हातात धरून, मी एवढे शिकलो की जुने नाटक पडते तेव्हा दोष नटांपेक्षा कात्रीचा आणि घड्याळाचा अधिक असतो. म्हणून संहिता आपल्या गळ्यांना आणि आपल्याला मिळणाऱ्या वेळेला बेतून कापणे हेच पहिले काम समजावे.

निवड करताना आवडीच्या आधी गळे मोजावेत. १८८२ साली रंगभूमीवर आलेले ‘संगीत सौभद्र’ सर्वांच्या तोंडी असते, परंतु त्याला अर्जुन, कृष्ण, नारद, सुभद्रा आणि रुक्मिणी अशी सगळीच माणसे गाणारी लागतात आणि वर मुकुट, शेले, दागिने यांचे भाडे भरावे लागते. गावात दोन चांगले आणि तीन बरे गळे असतील, तर गोविंद बल्लाळ देवलांचे १८९९ सालचे ‘संगीत शारदा’ अधिक सोयीचे पडते. त्यात शारदा आणि तिचे लग्न थांबवणारा तरुण कोदंड यांना नीट गाता आले पाहिजे. शारदेच्या मैत्रिणींचे घोळक्याने निभावते, आणि म्हातारा नवरदेव भुजंगनाथ व लग्न जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित ही माणसे गळ्यापेक्षा अभिनयावर उभी राहतात. कपडेपटही धोतरे, उपरणी, पगड्या आणि नऊवारी लुगडी एवढ्यात भागतो, आणि त्यातील निम्मे गावातल्याच घरांतून मिळते. विषय जरठकुमारी विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्याशी लावलेल्या कोवळ्या मुलीच्या लग्नाचा, असल्यामुळे कालबाह्य वाटेल, असा आक्षेप बैठकीत कोणीतरी घेतोच. पैशासाठी मुलगी विकणारा बाप रंगमंचावर आला की प्रेक्षकांत शांतता पसरते, हे मी तीन वेगवेगळ्या गावांत पाहिले आहे. पुढे उदाहरणासाठी हेच नाटक धरले आहे.

हक्कांचा प्रश्न लवकर निकालात काढावा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. ‘सौभद्र’कार किर्लोस्कर १८८५ मध्ये, देवल १९१६ मध्ये, गडकरी १९१९ मध्ये आणि खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यामुळे त्यांची नाटके आता सर्वांना खुली आहेत. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले असल्याने त्यांच्या नाटकांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. १९६४ सालच्या ‘मत्स्यगंधा’सारख्या नाटकाला तर परवानगी हवीच, आणि त्याचे संगीत आपल्याच मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे असले तरी आपलेपणा म्हणजे परवानगी नव्हे. ती वारसांकडून किंवा हक्कधारकांकडून लेखी घ्यावी. जुन्या नाटकाची कोणी नव्याने केलेली रंगावृत्ती वापरायची असेल, तर त्या व्यक्तीलाही विचारावे.

आता घड्याळ. आमच्या आजोबांच्या वेळी नाटक रात्री दहाला सुरू होऊन पहाटेच्या काकडआरतीला संपत असे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावा लागतो. उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, परंतु आपली रात्र त्यांत आहे की नाही हे अगोदर चौकशी करून पक्के केल्याशिवाय सवलतीवर विसंबू नये. समजा पडदा साडेसहाला वर गेला, तर हातात दोनशे दहा मिनिटे आहेत. त्यांतून मध्यंतराची पंधरा, पडदे आणि सामान बदलण्याची पंधरा आणि सत्काराची वीस मिनिटे वजा करावीत. सत्कार वीस मिनिटांत आटोपत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि तरीही देवस्थान समितीला तसे सांगण्याचे धैर्य कोणाला होत नाही. उरली एकशे साठ. एक पद माफक विस्ताराने चार मिनिटे घेते, म्हणून वीस पदे ठेवली तर ऐंशी मिनिटे गाण्याला आणि ऐंशी गद्याला मिळतात. छापील पानाला साधारण दोन मिनिटे लागतात असे धरले, तर चाळीस पानांहून अधिक गद्य आपल्याला झेपणार नाही. हा हिशेब संहितेच्या पहिल्या कोऱ्या पानावर लिहून ठेवावा, म्हणजे पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

कापण्यासाठी शिसपेन वापरावी, पेन नव्हे, कारण पहिल्या वाचनात कापलेले बरेच काही तिसऱ्या वाचनात परत घ्यावे लागते. आधी पदांना हात घालावा. ज्या पदात केवळ नुकत्याच बोललेल्या गद्याची पुनरुक्ती आहे ते सरळ गाळावे, आणि ज्यात पात्राचे मन पालटते ते राखावे. काही पदांचा मुखडा आणि एकच अंतरा ठेवला तरी काम होते. ‘मूर्तिमंत भीती उभी’ किंवा ‘म्हातारा इतुका न’ यांना मात्र धक्का लावू नये. लोक त्यांच्यासाठीच चटया घेऊन आलेले असतात, आणि ती गाळली तर दुसऱ्या दिवशी तुम्हाला बाजारात मासळी घेणेही कठीण होईल. वन्समोअर द्यायचा की नाही, कोणत्या पदाला द्यायचा, हे तालमीतच ठरवावे. एका वन्समोअरची चार मिनिटे अखेर शेवटच्या अंकातून कापली जातात.

गद्य कापताना एक गोष्ट सहसा सुटते. रस्त्याच्या पडद्यापुढचे छोटे प्रवेश वाचताना फालतू वाटतात, परंतु ते चालू असताना मागे दिवाणखान्याची नदी होत असते. असा प्रवेश काढला तर तेवढा वेळ प्रेक्षकांना काळोख पाहावा लागतो. दुसरी चूक आम्ही स्वतः केली आहे. लग्नाच्या प्रवेशात कोदंड येऊन वधूवर सगोत्र असल्याचे उघड करतो आणि लग्न थांबते. त्या भागातील शास्त्राची वादावादी आम्हाला लांबलचक वाटली, म्हणून आम्ही ती पान-सव्वा पान सलग उडवली, आणि तिच्याबरोबर गोत्राचे वाक्यही गेले. तालमीत कोणाच्याच लक्षात आले नाही, कारण आम्हा सर्वांना कथा पाठ होती. प्रयोगात कोदंड तावातावाने आला, गोंधळ झाला, अंतरपाट खाली पडला, आणि पहिल्या रांगेतील एका आजीने शेजारणीला मोठ्याने विचारले, “पूण लग्न मोडलें कित्याक गे?” (पण लग्न मोडले का गं?) त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेही नव्हते. तेव्हापासून मी कापलेली संहिता नाटक माहीत नसलेल्या एका व्यक्तीला, शक्यतो दहावीच्या मुलाला, वाचायला देतो आणि त्याच्याकडून गोष्ट ऐकतो. तो जिथे अडखळतो तिथे दोन वाक्ये परत घालतो.

भूमिका वाटल्यावर लगेच प्रत्येक गायकाची पट्टी, म्हणजे पेटीवरील कोणता सूर त्याचा षड्ज ते, ठरवून पदाच्या समासात लिहावी. स्त्रिया बहुधा काळी चार किंवा काळी पाच घेतात, पुरुष पांढरी एक, काळी एकच्या आसपास असतात, आणि कोदंडाचे पद संपताच शारदेचे सुरू होत असेल तर पेटीवाल्याला मधे श्वास घ्यायला गद्याची चार वाक्ये हवीत. बाहेरून मानधन देऊन अभिनेत्री बोलावण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. ती अभिनेत्री चार गावांत चार नाटके सांभाळत असल्यामुळे शेवटच्या दोन-तीन तालमींनाच येते. तिला महिनाभर आधी कापलेल्या संहितेची प्रत, पट्ट्या आणि पदांचे ध्वनिमुद्रण पोहोचवावे. आम्ही एकदा मूळ पुस्तकच पाठवले. तिने प्रामाणिकपणे सगळे पाठ केले, आणि आम्ही गाळलेल्या वाक्यांवर ती थांबून राहिली. तो दोष सर्वस्वी आमचा होता.

तालीम अडीच महिने धरावी आणि तिचे तीन भाग करावेत. पहिले तीन आठवडे केवळ बसून वाचन करावे. आपण घरी कोंकणी बोलतो, त्यामुळे वाक्याच्या शेवटी एक हेल येतो आणि काही स्वर नकळत नाकात जातात. दैनंदिन व्यवहारात ते गोड लागते, परंतु देवलांच्या नेमक्या, घरगुती गद्यात त्या हेलामुळे शब्दांवरचा जोर सरकतो. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वाक्यातील एकच महत्त्वाचा शब्द अधोरेखित करून त्यावर थांबण्याचा सराव. भद्रेश्वर दीक्षितासारख्या लग्न जुळवणाऱ्या लबाडाला थोडा हेल राहिला तरी बिघडत नाही, उलट तो आपल्या वाड्यावरचाच, म्हणजे वस्तीतलाच, वाटतो. दुसऱ्या भागात हालचाली आणि पदे स्वतंत्रपणे बसवावीत, आणि तिसऱ्या भागात दोन्ही एकत्र आणावीत. पद सुरू झाले की बाकीची पात्रे खांबासारखी उभी राहतात, हा हौशी संगीत नाटकाचा सर्वांत जुना आजार आहे. ऐकणाऱ्याला काहीतरी घरचे काम द्यावे. आमच्या प्रयोगातील इंदिराकाकू, म्हणजे शारदेची आई, मुलीचे पद चालू असताना तांदूळ निवडत असत, आणि मुलीच्या एका ओळीवर त्यांचा हात सुपातच थांबे. तेवढ्या थांबण्याने ते पद आईपर्यंत पोहोचल्याचे प्रेक्षकांना दिसे.

प्रॉम्प्टर, म्हणजे विंगेतून विसरलेले वाक्य सुचवणारा, शेवटच्या आठवड्यात नेमू नये. तो पहिल्या वाचनापासून हवा, कारण कोणता नट विसरला आहे आणि कोणता मुद्दाम थांबला आहे, यातील फरक त्यालाच कळला पाहिजे.

मंचाची पाहणी एकदा दिवसा आणि एकदा नाटकाच्या वेळी करावी. उत्सवी रंगमंच कार्तिकापासून चैत्रापर्यंत उघड्यावर उभा असतो आणि पौष-माघात रात्री आठनंतर दंव उतरते. त्या ओलाव्याने तबल्याची शाई आणि पुडी (वरचे चामडे) सैल पडून सूर खाली येतो, आणि पेटी मात्र होती तिथेच राहते. म्हणून साजिंद्यांची बैठक छपराखाली घ्यावी, तबल्यावर जाड कापड टाकावे, दुसरा तबला जवळ ठेवावा आणि मध्यंतरात हातोडीला काम आहे हे गृहीत धरावे. माइक टांगते असतील तर ते पंख्याच्या झोतात येऊ देऊ नयेत. गाणाऱ्याने माइक शोधत पुढे येण्यापेक्षा त्याची जागाच माइकखाली बसवावी. एक माइक केवळ साथीला द्यावा आणि तो नेहमी वाटतो त्यापेक्षा हळू ठेवावा, कारण देवळाच्या भिंतीवरून परत येणारा आवाज शब्द खातो आणि सूर फुगवतो.

हेच नाटक पुढे कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी न्यायचे असेल, तर आधी त्या वर्षीचे नियमपत्रक वाचून वेळेची मर्यादा, प्रवेशिकेची तारीख आणि संहितेच्या प्रती पाहून घ्याव्यात. पणजीचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह किंवा फोंड्याचे राजीव गांधी कलामंदिर यांसारख्या बंदिस्त जागेत कुजबुजही मागपर्यंत जाते, त्यामुळे उत्सवात मिळवलेला मोठा आवाज तिथे ओरडण्यासारखा ऐकू येतो. दोन तालमी केवळ आवाज उतरवण्यासाठी ठेवाव्यात. रंगवलेले पडदे स्पर्धेत चालत नाहीत, असा एक समज आहे. माझ्या मते ते नीट ताणलेले, सुरकुतीविना आणि योग्य प्रकाशात असतील तर चालतात. भोके पडलेला राजवाडा मात्र कुठेच चालत नाही.

प्रयोगाच्या दिवशी देवाला गाऱ्हाणे घालून, नारळ ठेवून दुपारी तीनपर्यंत सगळ्यांना मंचावर बोलवावे, पूर्ण तालीम करू नये, केवळ प्रत्येक पदाची पहिली ओळ आणि प्रत्येक प्रवेशाची सुरुवात व शेवट करून घ्यावा. पगडी, टोप आणि मिशा दुपारीच डोक्याला लावून पाहाव्यात. भुजंगनाथाची काठी, पत्रिका, अंतरपाट आणि अक्षता एका टेबलावर यादीसह मांडून त्यावर एकच माणूस बसवावा, जो स्वतः भूमिका करत नाही. तिसरी घंटा झाली की प्रॉम्प्टरशेजारी घड्याळ घेऊन बसणाऱ्याने प्रत्येक प्रवेश संपल्याची वेळ समासात लिहीत जावे, आणि दुसऱ्या अंकापर्यंत दहा मिनिटे मागे पडलेले दिसले तर आधीच ठरवून खुणावलेली दोन पदे एकेका अंतऱ्यावर आणण्याची खूण पेटीवाल्याला द्यावी. ती वेळा लिहिलेली प्रत रंग पुसण्याच्या घाईत कपड्यांच्या पेटीत जाते आणि भाड्याच्या धोतरांबरोबर परत जाते. पडदा पडताच ती हातात घ्यावी आणि घरी नेऊन ठेवावी, पुढच्या वर्षी कात्री लावताना तीच समोर लागणार आहे.