संख्येचे विभाजक आणि विभाज्य कसे शोधावेत

३ × ८ = २४ या एका ओळीत दोन्ही कल्पना सामावल्या आहेत. ३ आणि ८ हे २४ चे विभाजक आहेत, आणि २४ ही ३ ची तसेच ८ ची विभाज्य संख्या आहे. नाते एकच असून ते कोणत्या बाजूने वाचायचे एवढाच प्रश्न असतो. शब्दांचा गोंधळ होत असेल तर व्याख्या घोकण्याऐवजी शब्दच नीट पाहावेत: विभाजक म्हणजे भागणारा, आणि विभाज्य म्हणजे ज्याला निःशेष भाग जातो तो.

विभाज्य शोधणे सोपे आहे, कारण पाढा म्हणजे विभाज्यांचीच यादी होय. पाढा दहावर थांबतो तो आपल्या सोयीसाठी. विभाज्यांना मात्र अंत नसतो. ३५१ ही १३ ची विभाज्य आहे का, असे विचारले तर संख्या फोडून पाहावी: २६० आणि ९१ या दोन्ही तेराच्या पटी आहेत, म्हणून त्यांची बेरीज ३५१ हीसुद्धा तेराची पट आहे. शून्य ही प्रत्येक संख्येची विभाज्य आहे, परंतु शून्याने भागता येत नसल्यामुळे विभाजकांच्या यादीत ते घेत नाहीत.

विभाजक शोधताना खरी काळजी घ्यावी लागते. सुचतील तसे आकडे लिहीत गेल्यास एखादा हमखास सुटतो, म्हणून ते नेहमी जोडीने लिहावेत. ७२ घेऊ. एकपासून सुरुवात करून क्रमाने भाग देत जावे: १ × ७२, २ × ३६, ३ × २४, ४ × १८. पाचाने भागल्यास बाकी २ उरते, म्हणून पाच सोडावा. पुढे ६ × १२ मिळते. सातानेही बाकी २ उरते. आणि नंतर ८ × ९ येते. आता नऊ तपासायला गेलो तर तो आठाच्या जोडीत आधीच आलेला दिसतो, म्हणून येथे थांबावे. थांबण्याचे कारण असे की ९ × ९ = ८१ होतात, आणि ८१ हे ७२ पेक्षा मोठे असल्यामुळे जोडीतील दोन्ही संख्या नऊ किंवा त्याहून मोठ्या असूच शकत नाहीत. सहा जोड्या मिळाल्या, म्हणजे विभाजक बारा झाले.

यादी पूर्ण आहे का, हे मूळ अवयव पाडून, म्हणजे १ आणि स्वतःखेरीज दुसरा विभाजक नसलेल्या, १ पेक्षा मोठ्या (मूळ) संख्यांच्या गुणाकारात संख्या मांडून, पडताळता येते. ७२ = २ × २ × २ × ३ × ३. कोणत्याही विभाजकात दोन हा अवयव शून्य ते तीन वेळा, म्हणजे चार प्रकारे येऊ शकतो, आणि तीन हा शून्य ते दोन वेळा, म्हणजे तीन प्रकारे; ४ × ३ = १२. यादीत अकराच भरले, तर एक निसटला आहे हे नक्की. वर्गसंख्येत मात्र एक जोडी स्वतःशीच जुळते: ३६ मध्ये ६ × ६ येते आणि सहा एकदाच मोजला जातो, म्हणून विभाजकांची संख्या विषम येते; ३६ चे विभाजक नऊ आहेत.

थांबण्याचा हाच नियम मूळ संख्या ओळखतानाही उपयोगी पडतो. ९१ वरवर मूळ वाटते, पण सात वापरून पाहिला की ७ × १३ निघतात. ९७ ला २, ३, ५ आणि ७ यांपैकी कोणानेही निःशेष भाग जात नाही, आणि पुढची मूळ संख्या ११ घेतली तर ११ × ११ = १२१ होऊन ९७ च्या पलीकडे जातात; म्हणून ९७ मूळ आहे, आणि त्यासाठी चारच भागाकार पुरले.