समलैंगिकतेवर बायबल अभ्यास घेताना

या विषयावर अभ्यास ठेवला की पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी सदोम, म्हणजे बायबलमध्ये देवाने नष्ट केलेलं शहर, काढतं आणि गाडी तिथेच रुतते. म्हणून सदोम शेवटी ठेवा. उत्पत्ती 19 मधल्या जमावाला परक्या पाहुण्यांवर बळजबरी करायची आहे. यहेज्केल 16:49 मध्ये सदोमचा दोष म्हणजे गर्व आणि गरिबांकडे पाठ फिरवणं. यहूदाच्या पत्राचं 7वं वचन मात्र लैंगिक पापावर बोट ठेवतं. संमतीने एकत्र राहणाऱ्या दोघांचा प्रश्न या अध्यायातून सुटत नाही.

आठ-दहा माणसं, दीड-दीड तासाच्या चार बैठका पुरतात. पहिल्या बैठकीत समलैंगिकता नकोच. उत्पत्ती 1-2 आणि मत्तय 19:3-12 वाचा. पारंपरिक भूमिकेचा (लग्न आणि संबंध फक्त स्त्री-पुरुषाचेच) खरा पाया इथे आहे, मनाई करणाऱ्या वचनांत नाही. याच उताऱ्यात येशू घटस्फोटाबद्दल कडक बोलतो. तिथे गट सवलती शोधू लागला, तर ते फळ्यावर लिहून ठेवा. पुढे कामाला येतं.

दुसऱ्या बैठकीत लेवीय 18 आणि 20, तेही पूर्ण. पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवू नये असं सांगणारं 18:22 एकटं वाचलं की घोटाळा होतो. आधीच्याच काही वचनांत मासिक पाळीतला संबंध वर्ज्य आहे, नात्यातला संबंध वर्ज्य आहे, आणि लेकरांचा बळीही. 'हे जुने विधी, सोडून द्या' म्हणणाऱ्याला शेवटचे दोन अडवतात, 'जसंच्या तसं पाळा' म्हणणाऱ्याला पहिला. कोणते नियम आज लागू आणि का, हे प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत मांडू द्या.

सर्वाधिक वेळ तिसरी बैठक खाते. रोमकरांस 1:26-27 मध्ये समलिंगी संबंधांना 'निसर्गाविरुद्ध' म्हटलंय, पण तिथे थांबू नका, 2:1 पर्यंत जा. इतरांना दोष देणाऱ्याकडेच या पत्राचा लेखक पौल तिथे वळतो. 'निसर्गाविरुद्ध' यासाठीचा ग्रीक शब्दप्रयोग, 'पारा फुसिन', 11:24 मध्ये देवाच्या कृतीसाठीही येतो, त्यामुळे त्या एका शब्दावर सगळा भार टाकता येत नाही. 1 करिंथकरांस 6:9 मधल्या पाप्यांच्या यादीत दोन ग्रीक शब्द आहेत: 'मलाकोई' म्हणजे शब्दशः 'मऊ', आणि 'आर्सेनोकोइताई' म्हणजे 'पुरुष' नि 'शय्या' यांचा जोडशब्द. हे दोन घटक लेवीय 20:13 च्या ग्रीक भाषांतरात शेजारी-शेजारी आहेत. हा परंपरावाद्यांचा भक्कम मुद्दा. दुसरी बाजू विचारते की पौलाच्या डोळ्यांसमोर गुलाम आणि मुलांचं शोषण होतं का. 1946 च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन या इंग्रजी भाषांतराने दोन्ही शब्दांना मिळून 'होमोसेक्शुअल्स' केलं, 1971 मध्ये ते बदललं. म्हणून निदान तीन भाषांतरं समोर ठेवा.

चौथ्या बैठकीत वेगवेगळ्या चर्चच्या भूमिका. कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद 2357-2359) समलैंगिक कृतीला नाकारतं, ब्रह्मचर्याची हाक देतं, पण त्या व्यक्तींशी आदराने नि करुणेने वागा, अन्याय्य भेदभाव टाळा असंही सांगतं. युनायटेड मेथडिस्ट चर्च या प्रोटेस्टंट पंथाने 2024 मध्ये समलैंगिक पाळकांवरची बंदी उठवली. हे भराभर आटपलं तरी चालेल. मात्र दोन्ही बाजू त्यांच्या माणसांना पटतील अशाच शब्दांत मांडा, व्यंगचित्र काढू नका.

खोलीत कोणीतरी समलैंगिक आहे असं धरूनच पहिल्या दिवसापासून बोला. 'ते लोक' हा शब्द निघाला की तिथेच थांबवा. कोणी खासगीत येऊन स्वतःबद्दल सांगितलं, तर त्याच्या संमतीशिवाय ते पाळकांनाही सांगू नका, आणि प्रार्थनेच्या यादीत तर मुळीच घालू नका. तिथूनच बातमी सगळीकडे पसरते.