दोघांचा किराणा महिन्याला किती? आधी किलोत मोजा, मग रुपयात

दोघांच्या घराला किराण्याचे किती पैसे लागतात हे विचारलं की कोणी पाच हजार सांगतं कोणी बारा, आणि दोघंही खरं बोलत असतात कारण एकाने त्यात दूध-भाजी धरलेली असते आणि दुसऱ्याने नाही. म्हणून आधी वजन लिहून काढा. आमच्याकडे दोघांचे डबे धरून महिन्याला कणिक 6 किलो, तांदूळ 4, सगळ्या डाळी-कडधान्य मिळून अडीच-तीन किलो, साखर दीड, शेंगदाणे अर्धा किलो आणि तेल 2 लिटर पुरतं, पोहे-रवा वेगळा. हे आकडे ठरले की भाव वाढला की खप वाढला ते लगेच कळतं.

तेलाच्या पिशवीवर मात्र नीट बघा. 1 लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, पण हल्ली शेजारी 800-850 ग्रॅमच्या पिशव्या पण असतात आणि त्या स्वस्त वाटतात, त्यामुळे एमआरपीजवळ बारीक अक्षरात छापलेला दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव असतो तोच ताडून बघायचा. खूप लोक तो वाचतच नाहीत!

आणि ऑफर आहे म्हणून दोघांसाठी 5 किलो रवा-बेसन घेऊ नका हो, पावसाळ्यात पोरकिडे होतात आणि अर्धं टाकायला लागतं. वर्षाचे गहू भरायचे तर मार्च-एप्रिलमध्ये, कडक ऊन दाखवून. बिस्किट-फरसाण-मॅगी यांची यादी वेगळी करा, आमचं बजेट तिथेच फुटत होतं.